चालते पाय, जागता मेंदू

(तीर्थपुरी, जिल्हा जालना, येथील प्रौढ वाचन-वर्गापुढे केलेले भाषण)

 

तुम्ही दिवसभर वावरात राबता. संध्याकाळी इथे येता. अक्षराला अक्षर जोडता. त्यातून शब्द होतो. शब्दाला शब्द जोडला की वाक्य होते. आज एक अवघड शब्द घेऊ. आपण तो फोड करून वाचू. पा-र्कि-न्स-न. पार्किन्सन. हे एका रोगाचे नाव आहे. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. कंप म्हणजे थरथर. नाव अवघड असले तरी रोग तुम्ही पाहिलेला असेल.

हा रोग कसा ओळखावा?

समजा, एका घरी एक आबा आहेत. वय साठीच्या पुढे. आबा बाजेवर निवांत बसलेले असतात. हात मांडीवर असतो. पण हात निवांत नसतो. बोटे हलत असतात. जपमाळ ओढावी तसा अंगठा बोटावर फिरत असतो. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला की थरथर कमी होते. तांब्या खाली ठेवला की पुन्हा सुरू होते.

आबांची चाल बदलते. पावले बारीक पडतात. पाय घासत जातात. चालताना एक हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. कुडत्याची गुंडी लावायला वेळ लागतो. आवाज बारीक होतो. चेहरा लाकडासारखा होतो. नातू हसला तरी आबांच्या तोंडावर हसू दिसत नाही. घरचे म्हणतात, "आबा रागावले." आबा रागावलेले नसतात. त्यांच्या तोंडाचे स्नायू ताठरलेले असतात.

आणखी एक खूण सांगतो. ती तुम्हां वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. अक्षर लहान होत जाते. ओळीच्या सुरुवातीला अक्षर मोठे असते, शेवटी मुंगीएवढे होते. सही बदलते. बँकेतला माणूस म्हणतो, "सही जुळत नाही." तेव्हा दरवेळी हात आळसावला असे समजू नका. हाताला हुकूम देणारा मेंदू अडचणीत असू शकतो.

काही खुणा तर थरथरीच्याही कितीतरी वर्षे आधी येतात. फोडणीचा वास येत नाही. बद्धकोष्ठ होते. झोपेत माणूस ओरडतो, लाथा झाडतो. यांतली एकच खूण दिसली म्हणून घाबरू नये. कंप येणारा प्रत्येक माणूस पार्किन्सनचाच असतो असेही नाही. उलटीवरच्या आणि चक्करेवरच्या काही गोळ्यांनीही अशी थरथर येते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.

ही करणी नव्हे, शापही नव्हे

गावात लोक काय म्हणतात? कोणी म्हणते, "म्हातारपण आलं, चालायचंच." कोणी म्हणते, "बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवा." दोन्ही बोलणी चुकीची आहेत. हा मेंदूचा रोग आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. बहुतेक वेळा तो आईबापांकडूनही येत नाही. साठीनंतर तो जास्त दिसतो, पण चाळिशीतल्या माणसालाही कधी होतो. बायांपेक्षा पुरुषांना थोडा जास्त होतो.

आपल्या आयुर्वेदाला हा रोग पूर्वीपासून ठाऊक आहे. तिकडे विलायतेत, लंडन शहरात, जेम्स पार्किन्सन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १८१७ साली या रोगावर एक लहानसे पुस्तक लिहिले. पुढे त्यांचेच नाव रोगाला पडले. त्यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. म्हणून ११ एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगात ८५ लाखांहून जास्त माणसांना हा रोग होता. म्हणजे आपल्या आबांसारखे पुष्कळ आहेत. आबा एकटे नाहीत.

मेंदूतली काळी जमीन

आता रोग कुठे होतो ते पाहू.

घर विटांचे असते. तसे आपले शरीर पेशींचे असते. पेशी इतकी लहान असते की डोळ्यांना दिसत नाही. मेंदूत अशा अब्जावधी पेशी आहेत. त्या गप्प बसत नाहीत. एक पेशी दुसरीला निरोप धाडते. दुसरी तिसरीला धाडते. "पाय उचल." "भाकरी थाप." "विळा धर." असे हे निरोप असतात.

गावात कोतवाल निरोप नेतो. मेंदूत हे काम काही रस करतात. त्यांतल्या एका रसाचे नाव डोपामीन. हालचाल सुरू करायची, ती सरळ आणि झटपट करायची, यासाठी डोपामीन लागते.

डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा मेंदूच्या खालच्या भागात असतो. एक डावीकडे, एक उजवीकडे. या पट्ट्याचा रंग काळा असतो. आपल्या काळ्या जमिनीसारखा. या पेशींत एक काळे रंगद्रव्य साठते, म्हणून तो काळा दिसतो. पार्किन्सनच्या रोगात या काळ्या पट्ट्यातल्या पेशी हळूहळू मरतात. काळा रंग फिका पडतो. डोपामीन कमी पडते. कोतवालच नसला तर निरोप कसा पोचणार? पाय उचलायचा हुकूम उशिरा पोचतो. म्हणून पाऊल अडखळते.

दुःखाची गोष्ट अशी की हे फार उशिरा कळते. हाताला पहिली थरथर येते, तोवर या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. विहीर अर्धी आटली तरी मोट भरते. तळ दिसू लागला की मग आपण जागे होतो. तसेच हे आहे.

औषध हा टँकर आहे

यावर औषध आहे काय? आहे. चांगले औषध आहे. १९५७ साली स्वीडन देशात आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञाने डोपामीनचे महत्त्व प्रयोगाने दाखवून दिले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच पुढे लेवोडोपा नावाची गोळी रुग्णांना मिळू लागली. ही गोळी पोटात गेली की मेंदूत तिचे डोपामीन होते. अडलेला माणूस चालू लागतो. भारत सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे.

पण एक गोष्ट समजून घ्या. आपल्या जालना जिल्ह्याला टँकर नवा नाही. २०१२-१३ चा दुष्काळ तुम्ही भोगला आहे. टँकर आला म्हणून घागरी भरल्या. टँकर आला म्हणून विहिरीला पाणी लागले काय? नाही. टँकरची गरज होती. तो नसता तर लोक तहानेने मेले असते. पण झरे जिवंत करणे हे टँकरचे काम नव्हे.

लेवोडोपा हा टँकर आहे. तो बंद करायचा नाही. पण पेशींचे मरणे तो थांबवत नाही. पेशींचे मरणे नक्की थांबवील असे एकही औषध अजून निघालेले नाही.

मग झरा टिकवायचा कसा? आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने काय केले? माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, पाणी अडवले. विहिरी टिकल्या. द्राक्षाचे मळे उभे राहिले. मेंदूतले पाणी असे अडवता येईल काय? आता त्याचीच गोष्ट सांगतो.

दम लागेल असा व्यायाम

शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न घेतला. कंपवाताच्या माणसाने जोराचा व्यायाम केला तर काय होते?

व्यायाम म्हणजे कोणता? ज्याने श्वास वाढतो, छाती धडधडते, अंगाला घाम येतो, आणि जो न थांबता बराच वेळ चालतो, असा. झपाझप चालणे, सायकल मारणे, ठेक्यावर नाचणे, पोहणे. रक्त जोराने फिरते आणि हवेतला प्राणवायू अंगात भरपूर जातो. म्हणून याला दमाचा व्यायाम म्हणू.

अमेरिकेत १२८ रुग्णांवर एक परीक्षा झाली. तिचा निकाल २०१८ साली छापून आला. रोग नुकताच लागलेली आणि औषध सुरू न झालेली ही माणसे होती. त्यांचे तीन गट केले. एक गट फिरत्या पट्ट्यावर जोराने चालला. दुसरा मध्यम चालला. तिसरा नेहमीसारखा राहिला. सहा महिन्यांनी काय दिसले? नेहमीसारखे राहणाऱ्यांचा रोग वाढला. जोराने चालणाऱ्यांचा रोग जवळजवळ जागच्या जागी राहिला.

युरोपात नेदरलँड नावाचा देश आहे. तिथे घरोघरी सायकल आहे. तिथल्या डॉक्टरांनी १३० रुग्ण निवडले. निम्म्यांच्या घरी एका जागी उभी राहणारी सायकल दिली. आठवड्यातून तीनदा, दरवेळी अर्धा ते पाऊण तास ती चालवायची. बाकीच्यांनी फक्त अंग ताणण्याचे सोपे व्यायाम करायचे. असे सहा महिने चालले. निकाल २०१९ साली आला. सायकल चालवणाऱ्यांची हालचाल दुसऱ्यांपेक्षा चांगली राहिली. पुढे त्यांतल्या काहींच्या मेंदूची चित्रे काढली. वयाने आणि रोगाने मेंदू आकसतो. सायकलवाल्यांत हे आकसणे कमी दिसले.

आता तिसरी परीक्षा. ही २०२४ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ती झाली. तिथल्या डॉक्टरांना हालचालच नव्हे, तर थेट काळ्या पट्ट्यातल्या पेशी पाहायच्या होत्या. जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहता येत नाही. पण आता मोठी यंत्रे आहेत. त्या यंत्रांतून मेंदूचे चित्र निघते. एका चित्रात तो काळा रंग किती उरला ते कळते. दुसऱ्या चित्रात डोपामीनची ने-आण किती चालू आहे ते कळते.

रोग वाढतो तसे दोन्ही कमी होत जाते. हा नेहमीचा नियम. पण येलच्या रुग्णांनी सहा महिने, आठवड्यातून तीनदा, जोराचा व्यायाम केला. नंतर पुन्हा चित्रे काढली. दोन्ही कमी झाले नव्हते. उलट वाढले होते. अशक्त झालेल्या पेशींनी जणू डोके वर काढले होते.

मंडळी, ही आनंदाची बातमी आहे. पण तुम्ही शेतकरी आहात. एका सरीचे पीक पाहून तुम्ही सगळ्या वावराचा अंदाज बांधत नाही. इथेही तसेच करा. येलच्या परीक्षेत रुग्ण फक्त १० होते. व्यायाम न करणारा दुसरा गट शेजारी ठेवलेला नव्हता. म्हणून "व्यायामाने मेलेल्या पेशी जिवंत होतात" असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. मेलेली पेशी परत येत नाही. जी पेशी जगली आहे पण मलूल झाली आहे, तिला व्यायामाने बळ मिळत असावे, असे या चित्रांवरून दिसते. एवढेच म्हणायचे. आणि हे एवढेही थोडे नाही.

असे का होत असेल?

तुम्ही विचाराल, "पाय चालतात, मग मेंदूला काय मिळतं?"

पहिली गोष्ट, रक्त. जोराने चालले की मेंदूकडे जास्त रक्त जाते. रक्ताबरोबर अन्न आणि प्राणवायू जातो. दुसरी गोष्ट, खत. व्यायाम केला की मेंदूत काही पोषक द्रव्ये जास्त तयार होतात. ती पेशींना खतासारखी असतात. पेशींना नव्या फांद्या फुटतात, जुनी जोडणी घट्ट होते. तिसरी गोष्ट, वीज. प्रत्येक पेशीत वीज तयार करणारी बारीक घरे असतात. कंपवातात ही वीजघरे मंदावतात. व्यायामाने ती सुधारतात असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. ज्या उंदरांना चाकावर पळवले, त्यांच्या काळ्या पट्ट्यातल्या पेशी अनेक प्रयोगांत जास्त वाचल्या.

जिथे पाणी फिरते तिथे पीक तरारते. साचल्या पाण्याला मात्र शेवाळ धरते.

"आम्ही तर रानात राबतोच की!"

हे मला ठाऊक होते. कोणीतरी हे म्हणणारच. "आमचा सगळा जन्म कष्टात गेला. आम्हांला व्यायाम कशाला?"

बरोबर आहे. राबणारे अंग हे देवाचे देणे आहे. पण दोन गोष्टी पाहा. वाकून कापूस वेचताना कंबर दुखते. पण श्वास वाढत नाही. ते कष्ट खरे, पण तो दमाचा व्यायाम नव्हे. शिवाय आता जाते गेले, पिठाची गिरणी आली. बैलाचा नांगर कमी झाला, ट्रॅक्टर आला. पायी तालुक्याला जाणे गेले, मोटारसायकल आली. अंगाची चाल कमी झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आबांना कंपवात झाला की आपण काय करतो? लेक म्हणतो, "आबा, तुम्ही आता वावरात येऊ नका." सून म्हणते, "मामंजी, बसल्या जागी ताट देते." आपण हे मायेने करतो. पण आबा बाजेवर बसतात. अंग ताठरते. भूक जाते. मन खचते. बसून बसून रोग वाढतो. आपल्या मायेनेच आबांचे पाय बांधले जातात. आबांचे सगळे काम काढून घेऊ नका. आबांना चालवा.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ सालचा त्यांचा जन्म. त्यांनी गावोगाव मारुती उभे केले आणि तरुणांना शक्ती कमवायला सांगितले. त्या काळी बळ म्हणजे दंडाचे आणि मांडीचे. आज आपल्याला कळते की मांडीचे बळ डोक्यालाही उपयोगी पडते. मारुतीच्या पारावर नुसते बसण्यापेक्षा मारुतीच्या देवळाला झपाझप फेऱ्या घातलेल्या बऱ्या.

कसे चालावे?

आधी डॉक्टरांना दाखवावे. हृदयाचे दुखणे असेल, रक्तदाब असेल, उभे राहिले की चक्कर येत असेल, तर विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये. जालन्याला जिल्हा रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारी मोठा दवाखाना आहे, त्याला लोक घाटी म्हणतात. तिथे जाताना आजाराची सुरुवात कधी झाली ते कागदावर लिहून न्या. आता तुम्हांला लिहिता येते.

मग थोड्यापासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटे. दर आठवड्याला थोडे वाढवा. पुढे ३० मिनिटांपर्यंत जा. आठवड्यातून निदान तीन दिवस.

जोर किती असावा? घड्याळ नको, यंत्र नको. चालता चालता शेजारच्याशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत, पण ओवी गाता येऊ नये. गाता आली तर चाल मंद आहे. बोलताच येईना तर चाल फार झाली. थोडे थांबा.

पाऊल मोठे टाका. टाच आधी टेकवा. हात झोकाने हलवा. मान वर ठेवा. वळताना जागच्या जागी गर्रकन वळू नका. बैलगाडी वळते तसे मोठे वळण घ्या.

गोळीचा गुण चालू असताना चालायला जा. लेवोडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर चांगली लागते, पण वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कोणीतरी बरोबर असू द्या. सपाट पांदण निवडा. विहिरीच्या काठाने जाऊ नका. उसाचे ट्रॅक्टर धावतात त्या सडकेवर जाऊ नका. उन्हाळ्यात पहाटे चाला आणि पाणी पिऊन निघा. चप्पल सैल नको, मागे पट्टा असलेली हवी. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच बसा आणि दवाखाना गाठा.

पाय जमिनीला चिकटले तर?

कधी कधी असे होते. आबा उंबऱ्यापाशी येतात आणि थांबतात. पाय उचलत नाही. जणू चिखलात रुतला. घरचे मागून ढकलतात. ढकलू नका. ढकलले तर आबा तोंडावर पडतील.

आबांना थांबू द्या. श्वास घेऊ द्या. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेऊ द्या. मग ठेका द्या. "एक, दोन. एक, दोन." किंवा टाळी वाजवा. पाय निघतो. पुढे जमिनीवर एक आडवी रेघ असली तरी पाय ती ओलांडून जातो. अंगणात चुन्याच्या आडव्या रेघा पावलापावलाच्या अंतरावर मारून ठेवा. आबांनी रेघ ओलांडत चालावे.

यात जादू नाही. आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडलेली असते. ठेका ऐकला, रेघ पाहिली, की मेंदू दुसऱ्या वाटेने निरोप धाडतो. नेदरलँडच्या डॉक्टरांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाची गोष्ट जगापुढे ठेवली. त्याला धड चार पावले टाकता येत नव्हती. पण सायकलवर बसवले तर तो सरळ चालवत गेला आणि वळूनही आला! म्हणून आबांच्या पायात काही उरले नाही असे समजू नका. पायात बळ आहे. वाट शोधून द्यायची आहे.

आणि ठेक्याची आपल्याकडे काय वाण आहे? दिंडीत टाळ वाजतो, पखवाज वाजतो, पाऊल आपोआप पडते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले. म्हातारी माणसे ठेक्यावर हातपाय हलवू लागली, हसू लागली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्ण एकत्र जमतात आणि एकमेकांना धीर देतात. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली अशा रुग्णांसाठी एक संस्था निघाली. शहरातल्या माणसांनी जे केले ते आपल्याला भजनी मंडळात करता येईल. संध्याकाळी देवळापुढे टाळ धरा आणि आबांना पावलीत घ्या. एक माणूस शेजारी आधाराला ठेवा.

बायांनी काय करावे?

हा रोग बायांनाही होतो. पण बाईची थरथर उशिरा ध्यानात येते. भाकरी नीट थापली जात नाही, सुईत दोरा जात नाही. तिला बोलणी बसतात, औषध मिळत नाही. घरातल्या माणसांनी हे बोलणे सोडावे आणि तिला दवाखान्यात न्यावे.

"म्हातारी सडकेने पळते, लोक हसतील," असे कोणी म्हणेल. एकटी चालली तर हसतील. पाच जणी मिळून चालल्या तर कोणाची छाती आहे हसायची? पहाटे पाच जणींनी मिळून निघावे. बाहेर जाणे जमत नसेल तर अंगणात चालावे. बाजेवरून हात न टेकता उठावे, पुन्हा बसावे, असे दहा वेळा करावे. भिंतीशी उभे राहून गुडघे उचलत जागच्या जागी चालावे.

आवाज बारीक झाला असेल तर रोज मोठ्याने वाचावे. हेच पुस्तक घ्यावे आणि ओसरीवरून अंगणात ऐकू जाईल असे वाचावे. आवाजाचाही व्यायाम होतो आणि घरातली लेकरेही ऐकतात.

दोन इशारे

पहिला इशारा. खाजकुहिलीच्या बियांत लेवोडोपा असते हे खरे आहे. म्हणून कोणी रानातून बिया आणून कुटून खाऊ लागेल. तसे करू नका. एका बीत किती औषध आहे ते डोळ्यांना कळत नाही. जास्त झाले तर उलट्या होतात, चक्कर येते, भ्रम होतो. आणि चालू असलेली गोळी एकाएकी बंद तर कधीच करू नका. व्यायाम गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या बदली नाही.

दुसरा इशारा आपणां शेतकऱ्यांना. काही फवारणीची औषधे आणि हा रोग यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. पॅराक्वाट नावाचे तणनाशक त्यांत आहे. युरोपातल्या देशांत ते २००७ पासून बंद आहे. फ्रान्स देशाने २०१२ साली फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा धंद्यातून होणारा रोग म्हणून मान्य केला. म्हणून डब्यावरचे नाव वाचा. आता तुम्हांला वाचता येते. हाताने औषध कालवू नका. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याकडे पाठ करून फवारा. नंतर साबणाने अंग धुवा आणि कपडे वेगळे धुवा. जमेल तिथे खुरपणीने तण काढा. रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

एवढे ध्यानात ठेवा

१. कंपवात हा मेंदूचा रोग आहे. करणी नाही, संसर्ग नाही.

२. अक्षर लहान झाले, चाल घासू लागली, बसल्या जागी हात थरथरला, तर डॉक्टरांना दाखवा.

३. गोळी वेळेवर घ्या. मनाने बंद करू नका.

४. आठवड्यातून तीन दिवस, ३० मिनिटे, दम लागेल असे चाला.

५. पाय अडला तर ढकलू नका. ठेका द्या.

६. फवारणी करताना अंग झाका.

मंडळी, व्यायामाने रोग मुळासकट जाईल असे मी सांगत नाही. तसे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून जपून राहा. पण दोन वर्षांनी बाजेवर पडायचे ते पाच वर्षांनी पडावे लागले, तर मधली तीन वर्षे कोणाची? ती आबांची. किती वर्षे वाचतील हे आज कोणी मोजून देऊ शकत नाही. पण तेवढ्या काळात आबा स्वतःच्या हाताने जेवतील, स्वतःच्या पायाने वावर पाहून येतील, नातवाच्या लग्नात अक्षता टाकतील. त्यासाठी पैसा लागत नाही. रोज अर्धा तास आणि शेजारी चालणारा एक माणूस लागतो.

तो शेजारी चालणारा माणूस तुम्ही व्हा. तुमच्या आळीत असा कोणी आजारी असेल तर उद्या पहाटे त्याच्या दारात जा आणि हाक मारा, "आबा, चला. पांदणीपर्यंत जाऊन येऊ."

रामराम.